नऊ दिवसांत सहा देश, आणि घरी सांगितलं 'लायब्ररीत आहे'

आलेलं पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी २२ वर्षांची आहे, शहर नियोजनात मास्टर्स करतेय आणि एक्स्चेंजवर एका सेमिस्टरसाठी व्हिएन्नात गेलीय, मार्च ते जून. स्कॉलरशिप अर्धी, बाकीचे पैसे वडिलांनी कर्ज काढून दिलेत. हॉस्टेलवरची एक्स्चेंजची बाकीची मुलं दर शुक्रवारी बॅग उचलून कुठल्या ना कुठल्या देशात जातात. कॉमन किचनच्या भिंतीवर युरोपचा नकाशा आहे, जाऊन आलेल्या देशावर ज्याने त्याने आपल्या रंगाची पिन टोचायची. काहींच्या अकरा-बारा झाल्या, हिच्या दोन. आता मे महिन्यात ग्रुपने नऊ दिवसांची ट्रिप ठरवलीय: प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम, पॅरिस, झुरिक, मिलान. ती केली तर तिचा हाउसिंगवरचा सेमिनार दोनदा बुडतो आणि त्यातल्या एका दिवशी तिचंच प्रेझेंटेशन आहे. घरचे म्हणतात, शिकायला गेलीयस, फिरायला नाही. मैत्रिणी म्हणतात, इतक्या लांब येऊन खोलीत बसणार का, परत कधी येणारेस? तिला दोन्ही पटतं. तिचा प्रश्न एवढाच की ताई, जाऊ की नको. आणि पत्राखाली ता.क. आहे: "एप्रिलमध्ये मी दोन दिवस बुडापेस्टला गेले होते, घरी लायब्ररीत आहे असं सांगितलं. रात्री मोबाइल बंद पडला, आई रात्रभर जागी होती. तेव्हापासून कुठे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो."

अगं, तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे ता.क. वर तू दोन पानं ट्रिपबद्दल लिहिलंयस, खर्च, तारखा, कोण कोण येतंय, आणि जे खरं टोचतंय ते खाली तीन ओळीत उरकलंस. पोटात गोळा येतो तो फिरण्यामुळे येतो असं तू धरून चाललीयस. मला तसं वाटत नाही. तू बुडापेस्टला घरी सांगून गेली असतीस आणि तिथे फोन बंद पडला असता तरी आई काळजीत पडलीच असती, पण तिला निदान माहीत असतं की पोरगी कुठल्या शहरात आहे, कुठल्या हॉस्टेलवर आहे, कुणाला फोन लावायचा. त्या रात्री तुला खरंच काही झालं असतं तर तुझ्या घरचे व्हिएन्नातल्या लायब्ररीत फोन करत बसले असते, हे लक्षात घे. मी रागावत नाहीये, तुझ्या वयात मीही घरी अर्धंच सांगायचे. पण त्या थापेचं काय करायचं ते ठरल्याशिवाय तू सहा देश फिरलीस काय किंवा खोलीत बसलीस काय, गोळा तसाच राहणार. त्यावर मी येतेच, आधी बाकीचं बोलू.

घरचे आणि मैत्रिणी भांडतायत असं तुला वाटतं, पण दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलीय, की शिकणं एका बाजूला आणि फिरणं दुसऱ्या बाजूला. बाबांना शिकणं हवंय, मैत्रिणींना फिरणं. आणि तू शिकतेस काय तर शहर नियोजन! तुझा सेमिनार हाउसिंगवर आहे आणि तू व्हिएन्नात आहेस, म्हणजे कार्ल मार्क्स होफ एव्हाना बघून झालं असेलच, १९२७ ते १९३० मध्ये नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली ती किलोमीटरभर लांब इमारत, कमानी, आतली मोठी अंगणं. आता तिथून उठून रेल्वेने स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला जा, तासाभराचा प्रवास आहे, आणि व्हिएन्नाहून येणाऱ्या काही गाड्या तर पेत्रझाल्का नावाच्या स्टेशनवरच थांबतात. हे पेत्रझाल्का म्हणजे डॅन्यूबच्या अलीकडच्या काठावर कम्युनिस्ट राजवटीत, १९७० च्या दशकापासून उभी राहिलेली प्रचंड वसाहत, कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे पॅनल आणून जोडलेल्या इमारती, आज तिथे लाखभर माणसं राहतात. टुरिस्ट लोक स्टेशनवरून थेट पूल ओलांडून पलीकडच्या जुन्या शहरात जातात आणि फोटो काढून परततात. तू तिथे मागेच थांब. इमारतींच्या मधून चाल, तळमजल्यावर काय काय आहे बघ, मुलं कुठे खेळतात, म्हातारी माणसं कुठे बसतात, गाड्या कुठे लावल्यात, कुठल्या इमारतींना नंतर रंग दिलाय आणि कुठल्या तशाच राखाडी राहिल्यात. मग १९७२ मध्ये सुरू झालेल्या त्या मोठ्या पुलावरून चालत पलीकडे जा, आणि वाटेत हे आठव की या पुलासाठी आणि त्याच्या रस्त्यासाठी जुन्या शहरातल्या ज्यू वस्तीचा मोठा भाग पाडला गेला. दोन राजवटींनी एकाच नदीच्या काठावर, एकमेकींपासून साठेक किलोमीटरवर, सामान्य माणसाच्या घराचा प्रश्न कसा सोडवला हे तू एका दिवसात पायी फिरून बघू शकतेस! हे प्रेझेंटेशनमध्ये घातलंस तर प्रोफेसर नाही म्हणणार नाहीत, आणि बाबांनाही सांगता येईल की आज मी शेजारच्या देशात गेले होते, अभ्यासाला.

म्हणजे प्रत्येक ट्रिप अभ्यासाचीच हवी असं नाही हं. नुसतं नदीकाठी बसायला जायचं असेल तरी जा, २२ व्या वर्षी तेही लागतं माणसाला.

आता त्या नऊ दिवसांचं बघू. मी तुझा मार्ग कागदावर मांडून बघितला. व्हिएन्ना ते प्राग रेल्वेने चार तास, प्राग ते बर्लिन चार-साडेचार, बर्लिन ते ॲमस्टरडॅम सहाच्या आसपास, तिथून पॅरिस साडेतीन, पॅरिस ते झुरिक चार, झुरिक ते मिलान साडेतीन, आणि मिलानहून परत व्हिएन्ना म्हणजे जवळजवळ एक अख्खी रात्र. पस्तीसच्या वर तास नुसते गाडीत. विमान पकडलंत तरी एअरपोर्टला जायचं-यायचं आणि तपासणी धरून फार काही वाचत नाही. त्यात प्रत्येक शहरात पोचलं की हॉस्टेल शोधा, चेक-इनची वेळ होईपर्यंत बॅगा कुठेतरी टाका, दुसऱ्या दिवशी अकराच्या आत खोली सोडा, परत बॅगा लॉकरमध्ये. झोप वजा केलीस तर एका शहराच्या वाट्याला खरा एक दिवस येतो, बऱ्याचदा तोही नाही.

हे मी केलंय म्हणून सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका सेमिस्टरसाठी जर्मनीतल्या ड्रेस्डेनला होते आणि आम्ही चौघींनी आठ दिवसांत पाच शहरं केली. प्रागचा चार्ल्स ब्रिज मी बघितला याचा पुरावा माझ्याकडे आहे, फोटो आहे. पण मला आठवतं ते त्या स्टेशनवरचं सामानाचं लॉकर, कारण त्याची पावती हरवली होती आणि आम्ही दीड तास ती शोधत होतो. शेवटच्या दिवशी आमची पहाटेची गाडी चुकली. मार्चचा शेवटचा रविवार होता, त्या रात्री दोन वाजता घड्याळं एक तास पुढे जातात हे चौघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं, आणि आम्ही गजर लावला होता प्रवासातल्या साध्या घड्याळात. (मोबाइल आपोआप बदलतो, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं, घड्याळ मागे जातं, तेव्हा रात्रीच्या बसचं तिकीट काढताना वेळ नीट बघा, हे हिवाळ्याच्या सेमिस्टरला जाणाऱ्यांसाठी.) नवीन तिकिटाला जे पैसे गेले त्यात माझा पुढच्या महिन्याचा हात आखडला.

आणि त्याच सेमिस्टरमध्ये मी गॉर्लिट्झला चारदा गेले. ड्रेस्डेनहून दीडेक तासावर, अगदी पोलंडच्या सीमेवरचं गाव. मध्ये नाइस नदी, अलीकडे गॉर्लिट्झ, पलीकडे झ्गोझेलेत्स, १९४५ पर्यंत हे एकच गाव होतं. युद्धाच्या अगदी शेवटी मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने तिथला जुना पूल उडवला, मग नदीचीच सीमा झाली, आणि त्याच जागी पायी जायचा पूल परत झाला तो २००४ मध्ये. पहिल्यांदा गेले तेव्हा पूल ओलांडला, पोलंडला पाय लावला, परत आले, वीस मिनिटांत दोन देश! दुसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं की पलीकडच्या काठावर बसून अलीकडचं चर्च बघायला जास्त छान वाटतं. तिसऱ्यांदा पुलावर एक आजोबा भेटले, माझं जर्मन तोडकंमोडकं, पण ते सावकाश बोलायचे, शब्द अडला की थांबायचे. पलीकडच्या एका पिवळसर इमारतीकडे काठी करून म्हणाले, ती माझी शाळा, दुसरीपर्यंत. मग नदीकडे बघून म्हणाले, तिसरी इकडे. बस, एवढंच. चौथ्यांदा मी त्या पिवळ्या इमारतीपाशी जाऊन उभी राहिले, आत पोलिश मुलांचा दंगा चालला होता. आता मला सांग, नकाशावर या चार फेऱ्यांची पिन एकच ना? ते आठ दिवस माझ्या पाच पिना होते.

म्हणून ती किचनमधली पिनांची स्पर्धा तू मनातून काढून टाक असं मला कळकळीने वाटतं. त्या मुलांमध्ये काहीच चूक नाही, त्यांना मजा येतेय, येऊ दे. पण कुठे किती रमलात हे पिन सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर अकरा पिनावाल्यांपैकी एक-दोघं तरी आतून थकलेले असतील, खिसा रिकामा झाला असेल, आणि हे तुला किचनमध्ये कुणी सांगणार नाही.

"परत कधी येणारेस" हा प्रश्न मात्र खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. कदाचित पाच वर्षांनी येशील, कदाचित कधीच नाही. पण परत येता येणार नाही असं धरलं तर उलट मी म्हणेन की परत येता येणार नाही ते व्हिएन्नात. पॅरिसला लोक सुट्टी काढून आठवडाभर जातात, पुढे तुलाही नोकरी लागल्यावर जाता येईल. पण शुक्रवारी दुपारी लेक्चर संपल्यावर सहज उठून नदीच्या खालच्या अंगाच्या देशात संध्याकाळ घालवायची आणि रात्री आपल्या खोलीत येऊन झोपायचं, हे फक्त तिथे राहणाऱ्यालाच जमतं, टुरिस्टला नाही. तुझ्या हातात आत्ता ते आहे आणि जूनअखेर ते जाईल.

ऑस्ट्रियाला आठ शेजारी आहेत, जर्मनी, चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, इटली, स्वित्झर्लंड आणि चिमुकलं लिश्टेनश्टाइन, आणि आठही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात. ब्रातिस्लाव्हा एक तास, चेकमधलं ब्रनो दीड तास, बुडापेस्ट पावणेतीन तास. शोप्रोन सव्वा तासाच्या आसपास, हे हंगेरीतलं छोटं गाव फार कुणाच्या यादीत नसतं. १९२१ मध्ये या गावाने मतदान करून ठरवलं की आम्ही ऑस्ट्रियात नाही, हंगेरीत राहणार. आणि त्याच गावाबाहेर १९ ऑगस्ट १९८९ ला सीमेवर एक सहल भरवली गेली, थोडा वेळ फाटक उघडणार होतं, तर सहाशेच्या आसपास पूर्व जर्मन माणसं त्या फाटकातून पळत ऑस्ट्रियात आली, बायका-पोरं घेऊन. तीन महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली. आज तिथून गाडी जाते तेव्हा बऱ्याचदा सीमा कधी गेली कळतही नाही. ब्रातिस्लाव्हाच्या टोकाला देवीनचा पडका किल्ला आहे, खाली मोरावा नदी डॅन्यूबला मिळते, समोरचा काठ ऑस्ट्रिया. तिथे पलीकडे पळून जाताना मेलेल्यांचं स्मारक आहे. आणि डॅन्यूब तर तुझ्या खोलीपासून निघते ती व्हिएन्नात डोनाउ, ब्रातिस्लाव्हात दुनाय, बुडापेस्टमध्ये दुना, पुढे सर्बियात बेलग्रेडला दुनाव, चार राजधान्या, एकच पाणी. मी तुझ्या जागी असते तर सेमिस्टरभर नुसती या नदीच्या मागे गेले असते.

(फक्त बेलग्रेड शेंगेनच्या बाहेर आहे, त्याचं खाली सांगते.)

सेमिनारचं. इथे मी थोडी कडक होणार. ऑस्ट्रियात फोरलेझुंग म्हणजे नुसतं लेक्चर, त्याला हजेरी सहसा नसते, शेवटी परीक्षा असते, एखादं बुडलं तर नोट्सवर निभतं. सेमिनार, प्रोसेमिनार (प्राथमिक सेमिनार), उय्बुंग (सरावाचा वर्ग) यांचं तसं नाही, तिथे मार्क वर्गात बसून काम केल्याचेच असतात आणि गैरहजेरी किती चालते ते सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. तुझ्या कोर्सच्या पानावर बघ, लिहिलेलं असणारच. प्रेझेंटेशनच्याच दिवशी गायब होणं म्हणजे तो कोर्स हातचा जाण्याची शक्यता, आणि तो गेला की लर्निंग ॲग्रीमेंटमधले, म्हणजे जाताना युनिव्हर्सिटीशी ठरलेल्या कोर्सच्या यादीतले, क्रेडिट कमी, मग घरच्या युनिव्हर्सिटीत ते भरून काढायला अजून एक सेमिस्टर, त्याचा खर्च परत त्याच कर्जातून. युरोपातलं पूर्ण सेमिस्टर ३० क्रेडिटचं धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास काम. म्हणजे साडेसातशे तास तरी, आठवड्याला चाळीसच्या वर. वर्गात तेवढे तास दिसत नाहीत म्हणून मुलांना वाटतं इथे निवांत आहे, आणि जूनमध्ये सगळं एकदम अंगावर येतं.

पण याच मे-जूनमध्ये ऑस्ट्रियात सुट्ट्यांची रेलचेल आहे हे ग्रुपमध्ये कुणी बघितलंय का? १ मे आहे, मग क्रिस्टी हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइखनाम या दोन्ही चर्चच्या सुट्ट्या दरवर्षी गुरुवारीच येतात, आणि फिंग्स्टमोंटाग सोमवारी. गुरुवारची सुट्टी आणि शनिवार यांच्या मधल्या एकट्या शुक्रवाराला तिथले लोक फेन्स्टरटाग म्हणतात, खिडकीचा दिवस, आणि बरेच जण तो दिवस सुट्टी काढतात. शुक्रवारी तुझं काही सक्तीचं नसेल तर चार दिवस सलग मिळाले, काहीही न बुडवता. फक्त तेव्हा अख्खं व्हिएन्ना बाहेर पडतं, म्हणून तिकीट आधी काढायचं. रेल्वेची स्वस्त तिकिटं आधी काढली तरच मिळतात आणि ती त्या एकाच गाडीची असतात, बदलता येत नाहीत, तेव्हा काढण्याआधी सेमिनारच्या तारखा एकदा समोर ठेव.

मग पर्याय काय उरले तुझ्यापुढे. अख्खी ट्रिप करायची, याच्या विरोधात मी आहे आणि का ते सांगितलं. अजिबात जायचं नाही, घरचे खूश, हेही मला नको वाटतं, कारण तू चिडचिडी होशील आणि जूनमध्ये परत येताना व्हिएन्नाबद्दलच मनात कडवटपणा घेऊन येशील. मधला रस्ता असा आहे की ग्रुपबरोबर प्रागपर्यंत जा, दोन दिवस त्यांच्यासोबत मजा कर, आणि ते बर्लिनला निघाले की तू परत ये, चार तासांचा तर प्रवास. मैत्री टिकते, सेमिनारही बुडत नाही, अर्थात तारखा जुळल्या तर. आणि चौथा पर्याय, जो मला सगळ्यात आवडतो, की फेन्स्टरटागच्या चार दिवसांत तू आणि अजून एखादी जण एकाच ठिकाणी जा, स्लोव्हेनियातलं लुब्लियाना घे किंवा परत बुडापेस्टच घे. बुडापेस्ट तर घेच म्हणेन मी, कारण मागच्या वेळी तू ते चोरून बघितलंयस, सगळा वेळ फोनकडे लक्ष.

कुठेही गेलीस तरी थोडी व्यवहाराची कामं आहेत, आणि ही तुझ्यासारख्या सगळ्यांनाच लागू आहेत.

पासपोर्टमधलं व्हिसाचं स्टिकर आज काढून नीट वाच. एका सेमिस्टरसाठी बहुतेकांना डी व्हिसा, म्हणजे लांब मुदतीचा व्हिसा, मिळतो, त्यावर ज्या देशाने दिला तिथे पूर्ण मुदत राहता येतं आणि बाकीच्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं. विकेंडच्या फिरण्याने ही मर्यादा ओलांडली जायची नाही, पण किती वेळा आत येता येईल तो रकाना बघ, तिथे मल्टिपल आहे की एकच एंट्री. एकच असेल आणि तू शेंगेनच्या बाहेर पाय टाकलास तर परत आत यायची पंचाईत. लंडन, डब्लिन, बेलग्रेड, हे सगळे बाहेर आहेत. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे म्हणून लोक फसतात, ते शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंडचं उलट, युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे. कुणी म्हणालं स्वस्तात लंडनचं तिकीट मिळतंय, चल, तर भारतीय पासपोर्टवर आपल्याला वेगळा व्हिसा लागतो, बरोबरच्या युरोपियन मुलांना हे सुचतही नाही, त्यांची चूक नाही, त्यांना कधी लागलाच नाही. आणि व्हिसाची शेवटची तारीख आणि परतीचं विमान यांच्यात थोडे दिवस मोकळे ठेव, सेमिस्टर संपल्यावर शेवटची मोठी ट्रिप करण्याच्या नादात लोक त्या तारखेला चिकटतात.

सीमेवर चेकिंग नसतं या भरवशावर पासपोर्ट खोलीत ठेवून जाऊ नकोस. ऑस्ट्रिया हंगेरी आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवर २०१५ पासून तपासणी करतोय, जर्मनीने २०२४ च्या सप्टेंबरपासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर सुरू केली. गाडीत पोलीस चढतात आणि पहिले आपल्यासारख्यांपाशीच थांबतात, वाईट वाटतं, पण मूळ पासपोर्ट दाखवला की पुढे जातात. फोटोकॉपी वेगळ्या बॅगेत, एक फोटो मेलवर. रात्रीच्या बसमध्ये पासपोर्ट अंगावर, डोक्यावरच्या रॅकमध्ये नाही.

इन्शुरन्स फक्त ऑस्ट्रियापुरता आहे की शेजारी देशांतही चालतो ते विचार. ऑस्ट्रियाचा सरकारी विमा घेतला असेल तर ई-कार्डच्या, म्हणजे त्या विम्याच्या कार्डच्या, मागे युरोपियन हेल्थ कार्ड असतं, पण आपण युरोपियन नागरिक नसल्यामुळे ते डेन्मार्क, स्वित्झर्लंडसारख्या काही देशांत आपल्याला चालत नाही, तिथे जायचं तर प्रवासाचा वेगळा विमा घे. मोबाइलचं असंच, तिथलं सिम असेल तर युनियनमध्ये रोमिंगला जास्तीचे पैसे पडत नाहीत, स्वित्झर्लंडमध्ये पडू शकतात, सीमेजवळ फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो आणि बिल आल्यावर कळतं. तातडीची मदत लागली तर ११२ सगळीकडे चालतो. चेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट, स्लोव्हाकिया-स्लोव्हेनियात युरो. एटीएम किंवा कार्डचं मशीन विचारतं की युरोत कापू का तिथल्या चलनात, कायम तिथल्या चलनात सांग, नाहीतर रेट मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. पॉवरबँक घे. हे तुला वेगळं सांगायला नको.

एकटी जात असशील तर दिवसा पोचणारी गाडी घे, पहिल्या रात्रीचं हॉस्टेल स्टेशनपासून चालत जाता येईल असं, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जाण्याआधी लिहून ठेव. रविवारी गाड्या कमी असतात.

आता घर. बाबांनी कर्ज काढलंय, तेव्हा 'शिकायला गेलीयस' या वाक्यात नुसता धाक नाहीये, भीती आहे, की आपण जे एवढं केलं ते वाया तर जाणार नाही ना. त्यांना परवानगी मागितलीस तर ते नाहीच म्हणतील, कारण त्यांना दिसतंय ते इंस्टाग्रामवरचं फिरणं. परवानगी मागू नकोस, माहिती दे. आणि सुरुवात बुडापेस्टपासून कर. मेसेजवर नको, व्हिडिओ कॉलवर नको वाटत असेल तर साधा फोन कर, आधी आईला. असं काहीतरी म्हण: "आई, त्या दिवशी मी लायब्ररीत नव्हते, बुडापेस्टला होते. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही. तू रात्रभर जागी होतीस, ते मला तेव्हापासून खातंय. यापुढे जाईन तेव्हा सांगून जाईन." पुढे काही स्पष्टीकरण जोडू नकोस. ती रडेल किंवा ओरडेल, ऐकून घे, बाबा दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. ते दोन दिवस जाऊ दे. मग बाबांना महिन्याचा हिशोब पाठव, भाडं, खाणं, प्रवास, सगळं, आणि त्यात फिरण्याला एक ठरलेली रक्कम, मग ती थोडी का असेना. फिरण्याचे पैसे तू स्वतः वाचवलेस, एखादा खर्च कमी केलास, तर तेही त्यात दिसू दे. आणि दर वेळी निघताना गाडीचं नाव, हॉस्टेलचा पत्ता, बरोबरच्या मुलीचा नंबर आणि परत यायची वेळ घरच्या ग्रुपवर टाक. पहिल्या वेळी दहा प्रश्न येतील. तिसऱ्या वेळी आई विचारेल, आज कुठे.

समजा इतकं करूनही बाबा म्हणाले, एकही ट्रिप नाही. तर मग तुला ठरवावं लागेल, आणि तुझं वय ते ठरवण्याचं आहे. मला विचारशील तर मी म्हणेन की ब्रातिस्लाव्हाची एक दिवसाची ट्रिप कर, त्यांना सांगूनच कर, आणि त्यांची नाराजी सहन कर. नाराज आई-वडील सांभाळता येतात. पण कुठे आहेस हे त्यांना माहीत नसलेली ती रात्र परत येऊ देऊ नकोस.

राहिला ग्रुप. तू लिहिलंयस की नाही म्हणायचं जमत नाही, सगळे धरूनच चाललेत की तू येतेयस. अजून बुकिंग झालेलं नाही म्हणतेस तर आजच कळव, कारण खोल्या सहा जणांच्या हिशोबाने घेतल्या आणि मग तू गळलीस तर बाकीच्यांवर भार पडेल आणि ते मात्र योग्य नाही. लांबलचक कारणं देऊ नकोस. "माझं त्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे, पूर्ण ट्रिप जमणार नाही. तारखा जुळल्या तर प्रागपर्यंत येते, तिथून परत फिरेन. तुम्ही पाचांचं बुकिंग करा, माझं मी वेगळं करते." एवढं पुरे. आणि या शनिवारी पेत्रझाल्काला कोणी येतंय का तेही त्याच मेसेजमध्ये विचारून टाक, सकाळची गाडी, संध्याकाळी परत. एखादी तरी हो म्हणेल असं मला वाटतं. कुणीच नाही आलं तर एकटी जा, वही घे, निघताना आईला गाडीची वेळ कळव.